संशोधनाचा डेटा खुला कसा करावा: विषयागणिक काय बदलतं, कुठे बिघडतं

शोधनिबंधाच्या शेवटी 'डेटा मागितल्यास लेखकांकडून मिळेल' असं वाक्य टाकायची पद्धत आहे. या वाक्याची एकदा रीतसर परीक्षा झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आश्वासन देणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांकडे खरोखरच डेटा मागितला गेला. दिला १२२ जणांनी, म्हणजे शंभरात सात जणांनी. बाकीचे सगळे लबाड होते असं म्हणायचं कारण नाही. ईमेल बदलतो, हार्ड डिस्क जाते, काम करणारा विद्यार्थी दुसरीकडे नोकरीला लागतो आणि कुठल्या स्तंभात काय आहे हे ज्ञानही त्याच्याबरोबर निघून जातं.

म्हणून कसोटी एकच धरावी: तुमच्या विषयाबाहेरच्या, तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या माणसाला एकही प्रश्न न विचारता हा डेटा वापरता आला पाहिजे. अपलोड करायला अर्धा तास पुरतो. वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत, आणि ती प्रकल्प संपल्यावर करायला बसलं की अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत.

नेमकं काय द्यायचं

'सगळा डेटा' असं काही नसतं. दुर्बिणीतून आलेली कच्ची प्रतिमा, दुरुस्त केलेली प्रतिमा, तीवरून काढलेली ताऱ्यांची यादी आणि निबंधातला आलेख ही एकाच डेटाची चार रूपं आहेत. निवड करताना दोन प्रश्न पुरतात. निबंधातला प्रत्येक आकडा आणि आलेख पुन्हा काढायला किमान काय लागेल? आणि पुन्हा कधीच मिळवता येणार नाही असं त्यात काय आहे?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हवामानाच्या प्रारूपाचं आउटपुट अवाढव्य असतं, पण संगणक पुन्हा चालवून ते बरंचसं परत मिळू शकतं. तिथे कोड, त्याची आवृत्ती, सुरुवातीची मूल्यं, सेटिंगच्या फाइली आणि आलेखांमागचे आकडे एवढं दिलं तरी भागतं. उलट हवामान केंद्रावरची एखाद्या दिवसाची नोंद पुन्हा घेता येत नाही. ती कच्च्या रूपातच द्यावी. खगोलशास्त्रात कच्च्या प्रतिमांसोबत कॅलिब्रेशनच्या (उपकरणाचा दोष काढायला लागणाऱ्या) प्रतिमा राहून गेल्या, तर कच्च्या प्रतिमांचा उपयोग नाही. जनुकक्रमात यंत्रातून आलेल्या मूळ फाइली जातात, शिवाय अंतिम तक्ताही जातो. इतिहासात दप्तरखान्यात काढलेले कागदांचे फोटो बहुधा तुम्हाला वाटायचा हक्कच नसतो. तुम्ही केलेलं लिप्यंतर, तुमचा तक्ता आणि मूळ कागदाचा रुमाल-क्रमांकासह (रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा) पूर्ण पत्ता द्यावा.

तक्ते: सगळ्यात जास्त नासधूस इथे होते

विषय कोणताही असो, डेटा कधी ना कधी एक्सेलमधून जातोच, आणि एक्सेल न विचारता मदत करतं. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' या नावांच्या जनुकांना ते तारखा समजून बदलत असे. हा घोळ इतका पसरला की जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. १५ अंकांपुढची अचूकता एक्सेल ठेवत नाही. १६ अंकी ओळखक्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ ओळी मावतात, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. त्यापुढच्या तिथे जातच नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमधले कोविडचे जवळपास १६,००० बाधित रुग्ण जुन्या फाइलीच्या याच मर्यादेमुळे दैनंदिन आकडेवारीतून गळाले होते.

उपाय असा. फाइलीवर दोनदा क्लिक करून ती उघडू नका. एक्सेलमधल्या डेटा आयात करण्याच्या सोयीतून आणा आणि ओळखक्रमांक, नावं, तारखा यांचे स्तंभ आधीच 'मजकूर' म्हणून ठरवून द्या. द्यायची प्रत सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामाने तोडलेल्या साध्या मजकूर-तक्त्यात), यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या पद्धतीत) जतन करा. मग ती एक्सेलमध्ये नव्हे, तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहा, कारण खरं काय जतन झालं ते तिथेच दिसतं. ओळींची संख्या आणि दोन-तीन अंकी स्तंभांची बेरीज मूळ फाइलीशी ताडून पाहिली की बहुतेक गळती पकडली जाते.

तक्त्याची मांडणीही बघा. एका ओळीत एकच नोंद, एका स्तंभात एकच गोष्ट, एका शीटवर एकच तक्ता. जोडलेल्या पेशी सोडवा. पिवळ्या रंगाने 'शंकास्पद' असं दाखवलं असेल तर तो रंग सीएसव्हीत येत नाही. त्यासाठी 'दर्जा' असा वेगळा स्तंभ करा. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, २०२१-०४-०३ अशी. ०३/०४/२०२१ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे वाचणारा कोणत्या देशात वाढला त्यावर ठरतं. कित्येक युरोपीय देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, त्यामुळे तिथला सीएसव्ही अर्धविरामाने तोडलेला असतो. कोणतं चिन्ह कशासाठी वापरलं ते लिहून ठेवा.

रिकाम्या जागेचा घोळ वेगळाच आहे. मोजलं आणि शून्य आलं, मोजलंच नाही, यंत्र बंद होतं, उत्तर देणाऱ्याने नकार दिला, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यांसाठी -९९९ लिहिलं आणि ते कुठे सांगितलं नाही, तर कुणीतरी त्याची सरासरी काढणार हे नक्की. आर आणि पँडास ही आकडेमोडीची साधनं 'एनए' ही रोमन अक्षरं दिसली की मूल्य नाही असं समजतात. नामिबियाचा दोन अक्षरी देशसंकेत नेमका तोच असल्याने देशांच्या तक्त्यातून नामिबिया नाहीसा होतो. वाचताना हा आपोआप अर्थ लावण्याचा पर्याय बंद करावा, किंवा तीन अक्षरी संकेत वापरावेत.

समाजशास्त्रातल्या एसपीएसएस किंवा स्टेटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या फाइली थेट सीएसव्हीत उतरवल्या की १ म्हणजे 'पूर्ण सहमत' ही लेबलं हरवू शकतात. तिथे मूळ फाइल, सीएसव्ही आणि लेबलांचा तक्ता असं तिन्ही द्यावं. नकाशावाल्यांची शेपफाइल हे तर प्रकरणच आहे: ती एक फाइल नसून किमान तीन फाइलींचा गठ्ठा आहे, आणि चौथी, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) सांगणारी पीआरजे, पाठवायची राहिली की नकाशा भलतीकडेच उमटू शकतो. तीत स्तंभाच्या नावाला जेमतेम १० बाइट मिळतात. शक्य असेल तिथे सगळं एकाच फाइलीत ठेवणारं जिओपॅकेज वापरावं.

भाषाभ्यासकांनी आणखी एक तपासावं. देवनागरी, तमिळ वा अरबी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेला असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती निव्वळ चिन्हांची रांगोळी असते. आधी युनिकोडमध्ये आणा, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं व रफार नजरेखालून घाला.

रीडमी आणि स्तंभकोश

प्रत्येक संचासोबत साध्या टेक्स्टमध्ये एक रीडमी हवी: शीर्षक, कुणी आणि कधी गोळा केला, कुठे, कोणत्या उपकरणाने, प्रत्येक फाइलीत काय आहे, कोणत्या क्रमाने कोड चालवायचा, परवाना कोणता. एक-दीड पानात हे मावतं. खरी कंजुषी होते ती स्तंभकोशात, म्हणजे प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणाऱ्या यादीत. 'ओलावा: मातीतील ओलावा' एवढं लिहून लोक मोकळे होतात. तीच नोंद अशी हवी:

*ओलावा_१०. मातीतील ओलावा, आकारमानानुसार टक्के. जमिनीखाली १० सेंटिमीटर. दर १५ मिनिटांनी नोंद, वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). अपेक्षित पल्ला ० ते ६०. रिकामी जागा म्हणजे सेन्सर बंद. -९९९९ म्हणजे सेन्सर चालू, पण मूल्य पल्ल्याबाहेर असल्याने वगळलं. सेन्सर बदलल्याची तारीख 'उपकरण' तक्त्यात.*

वजनानुसार टक्के की आकारमानानुसार, हे त्या विषयातल्या माणसाला विचारायचं सुचतं. बाहेरचा माणूस गृहीत धरून पुढे जातो, आणि चूक त्याच्या निबंधात जाऊन बसते.

तपासणीची सोपी रीत म्हणजे फोल्डर दुसऱ्या विषयातल्या सहकाऱ्याकडे द्यायचं आणि निबंधातला एक आलेख तासाभरात काढून मागायचा. तो जे जे विचारेल ते रीडमीत घालायचं. यात कोडमधल्या, फक्त तुमच्याच संगणकावर चालणाऱ्या फाइलींच्या वाटाही उघड्या पडतात.

ज्या विषयांत ठरलेले साचे आहेत तिथे स्वतःचा शोधू नये. खगोलशास्त्रात फिट्स, हवामानात सीएफ संकेतांसह नेटसीडीएफ, जैवविविधतेत डार्विन कोअर, मेंदूच्या प्रतिमांना बिड्स, हस्तलिखितांच्या संहितांना टीईआय. हे साचे शिकायला कटकटीचे आहेत, पण एकेका स्तंभाचा अर्थ त्यांत आधीच ठरलेला असल्याने निम्मा स्तंभकोश वाचतो.

जे उघडं करायचं नाही

नाव आणि फोन नंबर काढून टाकला म्हणजे माणूस ओळखू येत नाही, हा समज फार महागात पडतो. डेटाच्या गोपनीयतेच्या अभ्यासक लताना स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. त्यामुळे कामाची रीत अशी ठेवावी: बाहेरच्या माणसाला ठाऊक असू शकतील असे सगळे स्तंभ (वय, लिंग, व्यवसाय, गाव, मुलांची संख्या, आजार) एकत्र घ्या आणि प्रत्येक जोडणीत किती माणसं येतात ते मोजा. जिथे पाचपेक्षा कमी येतील तिथे वयाचे गट मोठे करा, गावाऐवजी जिल्हा लिहा, 'भूलतज्ज्ञ'ऐवजी 'वैद्यकीय व्यवसाय' लिहा. एवढं करूनही 'सात भावंडं' अशा एखाद्या टोकाच्या मूल्यावरून माणूस ओळखू येतो. तिथे 'पाच किंवा अधिक' करावं. पाच हा आकडा काही वेदवाक्य नाही. विषय नाजूक असेल तर दहा धरावा.

मग फाइलींच्या पोटात डोकवा. एक्सेलमधली लपवलेली शीट आणि पिव्हट (सारांश) तक्त्यामागे साठून राहिलेला मूळ डेटा हमखास निसटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिस दलाने माहितीच्या अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या एका फाइलीतून सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची आडनावं आणि कामाची ठिकाणं अशाच लपलेल्या शीटवरून बाहेर पडली. फोटोंमध्ये जीपीएसची नोंद असते. डायकॉम या साच्यातल्या वैद्यकीय प्रतिमांच्या शीर्षभागात रुग्णाचं नाव असतं, आणि सोनोग्राफीत ते चित्रावरच छापलेलं असतं, म्हणून शीर्षभाग पुसून भागत नाही. डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा घडवता येतो. त्यासाठी चेहऱ्याचा भाग काढणारी साधनं वापरतात.

मुलाखतींमध्ये नावं नुसती खोडू नका, मजकूर वाचता येईनासा होतो. चौकटी कंसात [गाव १], [थोरली बहीण] असं लिहा, सगळ्या मुलाखतींत एका व्यक्तीला एकच खूण ठेवा आणि खुणांची किल्ली वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवा. किल्ली अस्तित्वात आहे तोवर, निदान ती बाळगणाऱ्यासाठी, युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने तो वैयक्तिक डेटाच मानला जातो.

हे सगळं करायची मुभा संमतीपत्र देतं किंवा हिरावून घेतं. 'माहिती फक्त संशोधक चमूच पाहील' किंवा 'अभ्यासानंतर नष्ट केली जाईल' अशी वाक्यं सवयीने टाकली जातात आणि दोन वर्षांनी डेटा देताना आडवी येतात. त्याऐवजी ओळख काढून टाकलेला डेटा इतर संशोधकांना अभ्यासासाठी दिला जाईल असं स्पष्ट लिहा, आणि मुलाखतीत सहभागी होण्याची संमती व डेटा पुढे देण्याची संमती वेगवेगळी घ्या.

माणसांपलीकडेही जपायच्या गोष्टी असतात. दुर्मीळ ऑर्किड, घरटी, उत्खनन न झालेली स्थळं यांचे अचूक अक्षांश-रेखांश म्हणजे चोरांसाठी नकाशा. ०.१ अंशापर्यंत पूर्णांकित केलं तर जागा अक्षांशाच्या दिशेने सुमारे ११ किलोमीटरच्या पट्ट्यात विरते. असं केल्याचं स्तंभकोशात लिहावं, नाहीतर कुणी तिथली उंची काढून अधिवासाचा चुकीचा निष्कर्ष मांडेल. यादृच्छिक सरकवणी (जागा मुद्दाम कशीही थोडी हलवणं) करायची असेल तर एकदाच करा. प्रत्येक आवृत्तीत नव्याने केली, तर सगळ्या आवृत्त्यांची सरासरी काढून मूळ जागा सापडते. आदिवासी समूहांच्या ज्ञानाबद्दल निर्णय एकट्या संशोधकाचा नसतो; २०१९ मध्ये मांडलेली केअर तत्त्वं हेच सांगतात की नियंत्रण त्या समूहाकडे असावं.

माणसाच्या पूर्ण जनुकक्रमातून ओळख खात्रीने पुसता येत नाही, म्हणून तो डीबीगॅप किंवा ईजीएसारख्या, अर्ज तपासून प्रवेश देणाऱ्या संग्रहांत जातो. अशा वेळी वर्णन, स्तंभकोश आणि अर्ज करण्याची रीत एवढं तरी सगळ्यांना दिसू द्यावं. डेटा सापडावा, मिळावा, जुळावा आणि पुन्हा वापरता यावा असं सांगणाऱ्या २०१६ सालच्या फेअर तत्त्वांत असा कुलूपबंद डेटाही बसतो. त्याची नोंद सापडली पाहिजे आणि मिळवण्याची वाट स्पष्ट असली पाहिजे.

कुठे ठेवायचा

प्रयोगशाळेचं संकेतस्थळ, गूगल ड्राइव्ह, गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ) यांपैकी काहीच संग्रह, म्हणजे डेटा कायम जपणारी जागा, नव्हे. गिटहब काम करायला उत्तम, पण तिथला साठा मालक केव्हाही पुसू शकतो आणि १०० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल गिटहब सरळ नाकारतं.

आधी विषयाचा संग्रह शोधा: रीथ्रीडेटा या सूचीत विषयानुसार शोध घेता येतो. जनुकक्रमांसाठी जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे; तिघे आपसांत डेटाची देवाणघेवाण करतात, तेव्हा एकाच ठिकाणी भरावा. प्रथिनांच्या रचना १९७१ पासून चालत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेत जातात, पृथ्वीविज्ञानाचा डेटा पँगियात, समाजशास्त्राचा आयसीपीएसआरमध्ये. विषयाचा नसेल तर झेनोडो, ड्रायड, फिगशेअर किंवा डेटाव्हर्स. सर्नमध्ये चालणारा झेनोडो फुकट आहे, एका नोंदीत ५० गिगाबाइट आणि १०० फाइली घेतो, पण आत काय आहे ते सहसा कुणी तपासत नाही. ड्रायडमध्ये माणूस फाइली उघडून बघतो आणि शंका विचारतो. त्याचं शुल्क पडतं आणि परवाना सीसी-झीरोच असतो. पहिल्यांदा करणाऱ्याला ती तपासणी शुल्काच्या मोलाची आहे.

झेनोडोचा सरावासाठी वेगळा सँडबॉक्स आहे. आधी तिथे हात साफ करून घ्या. मसुदा नोंदवताना डीओआय (नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक) राखून ठेवता येतो. तो निबंधात घाला आणि निबंध स्वीकारला गेल्यावर नोंद प्रकाशित करा. आपला डेटा वापरून दुसरा कुणी आधी निबंध काढेल ही भीती असेल, तर फाइलींना तारीख टाकून बंदी घालता येते. तारीख मात्र टाकाच. 'नंतर कधीतरी' ती कधीच उठत नाही.

परवाना

परवाना नसेल तर वापरायची परवानगी आहे की नाही हेच कळत नाही, आणि सावध माणूस हात लावत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांत सीसी-झीरो म्हणजे कुठलीही अट नाही, सीसी-बाय ४.० म्हणजे श्रेय द्या आणि वापरा. आकड्यांच्या तक्त्यांना सीसी-झीरो बरा, कारण शंभर संच एकत्र करणाऱ्याला शंभर श्रेययाद्या सांभाळाव्या लागत नाहीत. संदर्भ देणं ही संशोधनातली रीत आहेच, तिला कायद्याचा दंडुका लागत नाही. 'अव्यापारी' ही अट टाळा. खासगी विद्यापीठ, छापील पाठ्यपुस्तक, औषध कंपनीशी भागीदारी यांपैकी काय व्यापारी ठरतं यावरच वाद होतात. 'बदल करू नये' ही अट तर डेटा दुसऱ्या संचात मिसळायलाच आडकाठी करते. कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स लावू नका. एमआयटी किंवा अपाची हे कोडसाठीचे परवाने घ्या. लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप नकाशाचा डेटा तुमच्या संचात मिसळला असेल तर त्याचा ओडीबीएल परवाना मिश्रणालाही लागू होतो, मग तिथे सीसी-झीरो चालणार नाही.

प्रकाशित करताना आणि नंतर

शीर्षक 'पूरक तक्ता २' असं ठेवू नका; काय मोजलं, कुठे, कोणत्या वर्षांत हे त्यात यावं, कारण शोधणाऱ्याला आधी तेवढंच दिसतं. लेखकांचे ऑर्किड (ओआरसीआयडी) हे संशोधक-ओळखक्रमांक भरा, निबंधाचा डीओआय 'संबंधित' म्हणून जोडा. निबंधात डेटाचा उल्लेख संदर्भयादीत करा, नुसता तळटीपेत नको. संदर्भयादीत नसलेल्याची गणती सहसा होत नाही. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला एक आणि सगळ्यांना मिळून एक असे डीओआय देतो. निबंधात ज्या आवृत्तीवर काम केलं तिचाच द्यावा. मोठ्या फाइलींसोबत एसएचए-२५६ बेरजांची (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणांची) यादी ठेवली की उतरवून घेणाऱ्याला फाइल अर्धवट आली का ते कळतं.

प्रकाशनानंतर चूक सापडली तर गुपचूप फाइल बदलायची सोय सहसा नसते, आणि ते बरंच आहे. नवी आवृत्ती भरा, रीडमीच्या वरच बदल लिहा: कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळींत, आधी काय होतं, निष्कर्षावर परिणाम होतो का. जुनी आवृत्ती राहू द्या, कुणीतरी तिच्यावर काम केलेलं असतं. अपवाद ओळख फुटल्याचा. तसं दिसताच नव्या आवृत्तीच्या मागे न लागता संग्रहाच्या कर्मचाऱ्यांना लगेच कळवा आणि जुन्या फाइली काढून घ्या. डीओआय मोडत नाही, त्याच्या जागी 'फाइली मागे घेतल्या' असं सांगणारं पान राहतं. त्याच दिवशी संस्थेच्या नीतिसमितीलाही लेखी कळवावं, आणि तोवर किती जणांनी फाइल उतरवली तो आकडा नोंदीवरून टिपून ठेवा, कारण समिती पहिला प्रश्न तोच विचारते.